गोगलगायीचे पाय

प्रिय बेटा,

काल रात्री इकडे धो धो पाऊस, त्यात लाइट गेलेली, गॅलरीत टॉर्च मारला तर कढीपत्त्याच्या कुंडीवर एक गोगलगाय चढून राहिली होती. मला एकदम तू आठवलास. पहिलीत असशील, अंबाझरीच्या बगिच्यात उकिडवा बसून विचारलं होतंस, बाबा हिला पाय काहून नाही, मग चालते कशी, आणि मी घाईत "पोटात असतात" म्हणून तुला ओढत स्कूटरकडे नेलं. ते उत्तर राहिलंच रे.

काल तिला पातेल्याच्या काचेच्या झाकणावर ठेवलं अन् झाकण वर धरून खालून पाहिलं. 'गोगलगाय अन् पोटात पाय' आपण आतल्या गाठीच्या माणसाला म्हणतो, पण ते अक्षरशः खरं आहे बेटा! पूर्ण खालची बाजू म्हणजे एकच चपटा पाय, त्यावर बारीक गडद पट्टे शेपटीकडून डोक्याकडे एकामागून एक धावून राहिले होते आणि ती मात्र शांतपणे पुढे सरकतेय. सतरंजीला एका टोकाला सुरकुती पाडून ती ढकलत दुसऱ्या टोकाला नेली की सतरंजी जराशी पुढे जाते ना, अगदी तसं. ते पट्टे म्हणजे स्नायूंच्या लाटा.

मग झाकण उभं धरलं तरी पडली नाही. सगळी करामत त्या चिकट द्रवाची. पाय टेकलेला असतो तिथे तो घट्ट राहून पकड देतो, लाट जाते तिथे ताण पडून तोच पातळ होतो, अन् लाट गेली की परत घट्ट. मार्क डेनी नावाच्या संशोधकाने १९८० मध्ये बनाना स्लगवर, म्हणजे शंख नसलेल्या मोठ्या गोगलगायीवर, हे मोजून दाखवलं होतं.

तिला कान नसतात, मी जवळ टाळी वाजवली, काही नाही. पण टेबलावर बोट आपटलं की लगेच अंग चोरते, कंप कळतो तिला. डोक्यावर चार शिंगं, वरच्या दोन लांब शिंगांच्या टोकाला डोळे, त्यांना उजेड-अंधार कळतो, फार बारीक काही दिसत नाही. एकाला हलकंच बोट लावलं तर मोजा उलटा करावा तसा डोळाच आत ओढून घेतला, मला वाईट वाटलं, पण मिनिटभरात परत बाहेर! खरं काम वासाचं. काकडीची फोड वीतभर दूर ठेवली, तर थांबली, शिंगं इकडेतिकडे फिरवली, अन् हळूहळू तिकडेच वळली, जवळ गेल्यावर खालच्या दोन छोट्या शिंगांनी चाचपून मग खायला लागली.

आई मीठ टाक म्हणत होती, मी नाही टाकू दिलं. मीठ तिच्या अंगातलं पाणी ओढून घेतं, तडफडून मरते बिचारी. कंपाउंडपलीकडच्या गवतात सोडून आलो.

व्हिडिओ पाठवतोय, उजेड कमी आहे, पण नीट बघ, पट्टे दिसतात.

तुझा बाबा