तक्रार: 'निर्धोक' म्हणून विकलेल्या नाताळच्या रीथमध्ये विषारी फांद्या

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: 'पोनी रीथ' संचात यू झाडाच्या फांद्या आल्याबद्दल

महोदय,

तुमचा धंदा मराठी माणसांचा, संचातला कागदही मराठीत, म्हणून तक्रारही मराठीतच लिहिते. (त्या कागदात रीथला 'पुष्पचक्र' म्हटलंय. आपल्याकडे पुष्पचक्र कुठे वाहतात ते तुम्हाला ठाऊक असेलच. मी आपलं रीथच म्हणते.)

संच मला २८ नोव्हेंबरला मिळाला, टपालखर्च धरून ३४ पौंडांना. मी इंग्लंडमधल्या न्यू फॉरेस्टमध्ये ब्रॉकनहर्स्टला राहते. इथे पोनी, म्हणजे लहान चणीचे घोडे, रस्त्यावरून मोकळ्या हिंडतात, फाटक उघडं दिसलं तर बागेत शिरतात. माझं माहेर नेरळचं. माथेरानच्या घोड्यांच्या गळ्यात दसऱ्याला झेंडूच्या माळा घातलेली मी मुलगी, घोड्याच्या तोंडाचा तुमचा तो सांगाडा पाहिला आणि राहवलं नाही.

बनवताना मजा आली, ते नाकारत नाही. तारेच्या सांगाड्यात ओलं शेवाळ दाबून भरलं. फांद्यांच्या वीतभर जुड्या नाकापासून बांधायला घेतल्या. टोकं नाकाकडे, देठ कानाकडे, म्हणजे पुढची जुडी आधीचीचे देठ झाकते आणि घोड्याच्या तोंडावरचे केस बसावेत तशी हिरवाई बसते. तागाची आयाळ विंचरली, लाल फितीची मोरकी घातली. कागदाच्या शेवटी छापलं होतं, 'सर्व साहित्य नैसर्गिक व प्राण्यांना निर्धोक. फाटकावर टांगावे.' टांगलं.

७ डिसेंबरला सकाळी पोळ्या लाटताना खिडकीतून पाहते तर एक कुमैत घोडी फाटकावरून मान काढून रीथची आयाळ ओढतेय. मी लाटणं हातात घेऊनच धावले. ती ओळखीची आहे. चराईचे पैसे भरल्याची खूण म्हणून ॲजिस्टर, म्हणजे रानातल्या जनावरांवर देखरेख ठेवणारे लोक, इथल्या पोनींच्या शेपटीचे केस कापतात, तो काप मी रोज पाहते. तिच्या तोंडात तागाचा झुपका आणि हॉली या काटेरी झुडपाचं एक पान होतं. हॉलीचं काही नाही, हिवाळ्यात पोनी ती पानं खातातच.

शेजारचे आजोबा कॉमनर आहेत, म्हणजे रानात जनावरं चारायचा हक्क असलेले, त्यांच्या स्वतःच्या पोनी रानात चरतात. त्यांनी रीथमधली एक फांदी ओढली, पान उलटून पाहिलं आणि एकच शब्द म्हणाले, "यू." मग मीही पाहिलं. फरच्या पानाखाली दोन पांढऱ्या रेघा असतात, टोक बोथट असतं. या पानांखाली रेघ नव्हती, नुसता फिका हिरवा रंग, टोक अणकुचीदार. मलाही हे झाड अनोळखी नाही. इथल्या सेंट निकोलस चर्चच्या अंगणात हजार वर्षांहून जुनं यू आहे. त्याच अंगणात पहिल्या महायुद्धातल्या भारतीय सैनिकांच्या कबरी आहेत, तिथे मी फुलं ठेवायला जाते. तरी बांधताना ओळखलं नाही, कारण तुमच्या कागदावर 'फर' लिहिलं होतं. इतकी माझी चूक.

यूमधल्या विषानं घोड्याचं हृदय बंद पडतं. थोडी पानंही पुरतात, ती सुकली तरी विष जात नाही. पुष्कळदा आजारी दिसायलाही वेळ मिळत नाही, जनावर मेलेलंच सापडतं. आजोबा अंधार पडेपर्यंत त्या घोडीच्या मागे मागे फिरले. ती वाचली, कारण तिनं आधी आयाळ धरली. रीथच्या गालाला तोंड लावलं असतं तर?

त्याच दिवशी मी तुम्हाला ईमेल केला, फोटोही जोडले. उत्तर आलं, 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभार', आणि पुढच्या खरेदीवर १० टक्के सूट. साहेब, मी अभिप्राय दिला नव्हता.

माझी मागणी अशी. हा संच ज्यांनी ज्यांनी घेतला, त्या सगळ्यांना आजच कळवा, नाताळ उलटल्यावर नको. संचातून यू काढा आणि ते 'निर्धोक'ही कागदावरून काढा. शिवाय इथल्या पोनींना खाऊ घालायला मनाई आहे, तेव्हा जिथे त्यांचं तोंड पोहोचतं त्या फाटकावर खाण्याजोगं काही टांगायला सांगू नका. माझे ३४ पौंड परत करा. वर्णनाशी न जुळणारा माल ३० दिवसांच्या आत परत करून पूर्ण पैसे घ्यायचा हक्क मला २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानं दिला आहे, आणि ती मुदत अजून संपलेली नाही. सात दिवसांत उत्तर आलं नाही, तर हेच पत्र इंग्रजीत ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडे, जाईल. सवलतीचं कूपन मला नको.

यूच्या फांद्या डब्यात बंद करून गॅरेजच्या वरच्या फळीवर ठेवल्या आहेत. तपासायला माणूस पाठवणार असाल तर आधी कळवा.

आपली,
एक ग्राहक
(ऑर्डर क्रमांक ७ तारखेच्या ईमेलमध्ये आहे)