विद्यापीठाच्या गावातील नव्या इमारती : मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. इथल्या डाऊनटाऊनमध्ये एकाच वेळी इतक्या क्रेन कशासाठी उभ्या आहेत आणि जुनी दुकाने पाडून तिथे नेमके काय बांधले जात आहे, असे तू विचारले आहेस. तू स्वतः वास्तुविशारद असल्यामुळे दोन ओळींच्या उत्तराने तुझे समाधान होणार नाही, म्हणून सवड काढून सविस्तर लिहीत आहे.

अमेरिकेत ज्याला कॉलेज टाऊन म्हणतात, अशा गावात सर्वांत जास्त नोकऱ्या बहुधा विद्यापीठच देते आणि गावातील मोक्याच्या जमिनीचा मोठा भागही त्याच्याच मालकीचा असतो. सार्वजनिक विद्यापीठाच्या जागेवर मालमत्ता कर लागत नाही. मग रस्ते, पोलीस, अग्निशमन दल या सगळ्यांचा खर्च उरलेल्या जमिनीवरील करातून भागवावा लागतो. त्यामुळे डाऊनटाऊनमधील एकमजली दुकानांच्या जागी कोणी दहा मजल्यांचा प्रस्ताव आणला, की नगर परिषदेला तो नाकारणे जड जाते. गावातील अनेकजण याला बिल्डरांची हाव म्हणून मोकळे होतात. हाव असेलही, पण तेवढ्याने सगळे स्पष्ट होत नाही.

शिवाय ही पाडापाडी काही पहिलीच नाही. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्यानंतर केंद्र सरकार अशा पुनर्विकासाच्या निव्वळ खर्चाचा दोन-तृतीयांश वाटा उचलू लागले आणि देशभर गावांच्या मध्यभागातील जुनी वस्ती सपाट झाली. पुढे बाहेरच्या मॉलकडे गेलेले गिऱ्हाईक परत आणण्यासाठी बाजारातला रस्ता फक्त पादचाऱ्यांसाठी ठेवण्याची लाट आली. तिची सुरुवात १९५९ मध्ये कलामझू या विद्यापीठाच्याच गावात झाली, आणि १९९८ मध्ये त्याच रस्त्याच्या काही भागात पुन्हा मोटारी सोडाव्या लागल्या. याउलट कोलोरॅडोतील बोल्डर या विद्यापीठाच्या गावातला १९७७ चा ‘पर्ल स्ट्रीट मॉल’ हा पादचारी रस्ता आजही माणसांनी गजबजलेला असतो. पाडलेल्या जागांपैकी कितीतरी ठिकाणी पुढे काहीच उभे राहिले नाही, नुसती डांबरी पार्किंगची पटांगणे उरली. अशा पटांगणावर इमारत येत असेल तर मी तिच्या बाजूने आहे, मग ती कितीही उंच असो.

उंचीवरून मात्र इथे फार भांडणे होतात. बोल्डरच्या मतदारांनी १९७१ मध्ये इमारतींना ५५ फुटांची मर्यादा घातली. डोंगर दिसत राहिले, हे खरे. पण मागणी वाढतच राहिल्याने घरे इतकी महागली, की तिथे काम करणारी कित्येक माणसे रोज बाहेरगावाहून येतात. कॅलिफोर्नियातील बर्कलीत तर रहिवाशांच्या एका गटाने न्यायालयात जाऊन विद्यापीठाची विद्यार्थिसंख्या गोठवण्याचा आदेश मिळवला आणि २०२२ च्या मार्चमध्ये राज्याच्या विधिमंडळाला घाईने कायदा बदलून तो आदेश निष्प्रभ करावा लागला. विद्यार्थ्यांना घरे हवीत आणि कॅम्पसला लागून हवीत, याविषयी माझ्या मनात शंका नाही. कॅम्पसजवळ घरे झाली नाहीत, तर चार-पाच विद्यार्थी मिळून शेजारच्या गल्लीतले कुटुंबाचे घर भाड्याने घेतात आणि तिथे पगारदार कुटुंबाचा निभाव लागत नाही.

माझे भांडण आहे ते या इमारतींच्या आतल्या रचनेशी. एका नव्या इमारतीत नमुना म्हणून सजवलेली सदनिका मी पाहून आलो. चार बेडरूम, प्रत्येकीला स्वतंत्र बाथरूम आणि प्रत्येक दाराला स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक कुलूप. बाहेरची भिंत पूर्णपणे या बेडरूमनी अडवलेली असल्यामुळे स्वयंपाकाचा ओटा आणि समोरची बसायची चिंचोळी जागा यांना खिडकीच नाही; भर दुपारी तिथे दिवे लावावे लागतात. भाडे सदनिकेचे नसून खाटेचे असते. प्रत्येक विद्यार्थ्याचा करार वेगळा, जामीनदार म्हणून आईवडिलांची सही, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस साऱ्या इमारतीचे करार एकदम संपतात. विद्यापीठाच्या भोजनगृहात काम करणाऱ्या जोडप्याने दोन मुलांना घेऊन इथे राहायचे ठरवले, तर त्यांना चार खाटांचे भाडे भरावे लागेल आणि एवढे करूनही सगळ्यांनी मिळून बसावे अशी उजेडाची खोली मिळणार नाही.

याला काही तांत्रिक कारणे आहेत, ती तुला लगेच कळतील. काँक्रीटच्या मजल्यावर लाकडी सांगाड्याचे पाच मजले, हा इथला सर्वांत स्वस्त प्रकार आहे. तीन मजल्यांच्या वरच्या निवासी इमारतीला बहुतेक ठिकाणी दोन जिने बंधनकारक असल्यामुळे मधोमध लांब बोळ आणि दोन्ही बाजूंना सदनिका अशी मांडणी होते. एकाच बाजूने उजेड घेणाऱ्या सदनिकेत चार बेडरूम बसवायच्या म्हटले, की बळी जातो तो बैठकीच्या खोलीचा. त्यात इमारतीसोबत ठरावीक पार्किंग बांधण्याच्या सक्तीची भर असे. पण मिशिगनमधील ॲन आर्बर या विद्यापीठाच्या गावाने २०२२ मध्ये ती गावभर रद्द केली, हे मला फार चांगले वाटले.

मला खरी काळजी पुढच्या पंधरा वर्षांची आहे. या देशात २००७ मध्ये सुमारे ४३ लाख मुले जन्मली आणि त्यानंतर जन्म घटत गेले. २०२३ मध्ये ते ३६ लाखांच्या आसपास होते. २००७ ची मुले २०२५ मध्ये अठरा वर्षांची झाली, म्हणजे कॉलेजच्या वयाची मुले यापुढे कमी होत जाणार. नामांकित विद्यापीठांना कदाचित झळ लागणार नाही, पण लहान विद्यापीठांच्या गावांत या खाटा रिकाम्या राहू लागतील, आणि ज्या इमारतीत विद्यार्थ्याशिवाय कोणी राहूच शकत नाही तिचे तेव्हा काय करायचे? हा प्रश्न मंजुरीच्या वेळी कोणी विचारत नाही. विटांची जुनी दुमजली घरे शंभर वर्षे टिकली, कारण वर कधी दवाखाना आला, कधी वकिलाचे कार्यालय, कधी बिऱ्हाड.

तळमजल्याचीही हीच गत आहे. आराखड्यात दुकाने दाखवणे सक्तीचे, म्हणून ती दाखवतात. पण गाळा एवढा प्रशस्त आणि भाडे असे, की पाडलेल्या इमारतीतला चपला दुरुस्त करणारा तिथे परत येऊच शकत नाही. काचांना आतून कागद चिकटवलेला आणि वर ‘भाड्याने देणे आहे’चा फलक, असे गाळे वर्षानुवर्षे दिसतात. वीस फूट रुंदीचे छोटे गाळे ठेवण्याची अट घातली, तर बरेच बदलेल असे मला वाटते.

पुढच्या महिन्यात आणखी एका प्रकल्पाची जनसुनावणी आहे आणि मी तिथे बोलणार आहे. उंचीला विरोध न करता, सदनिकांपैकी निदान एक-तृतीयांश दोन बेडरूमच्या असाव्यात आणि उरलेल्या पुढे फोडता किंवा जोडता याव्यात, एवढीच माझी मागणी आहे. इथे तुझी मदत हवी आहे. चार बाथरूमचे नळ आणि सांडपाण्याचे उभे पाईप कसे मांडले, तर नंतर फारशी तोडफोड न करता एका सदनिकेच्या दोन करता येतील? आणि लाकडी सांगाड्यातील कोणत्या भिंती भार न घेणाऱ्या ठेवाव्यात? एक साधे रेखाचित्र काढून सुनावणीपूर्वी पाठवलेस, तर ते तुझ्या नावानिशी परिषदेपुढे ठेवीन.

घरी सर्वांना नमस्कार सांग. उत्तराची वाट पाहतो.

तुझा स्नेहांकित मित्र