‘ओ’ लिहिण्याआधी तिसरी ट्यूब बघा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

‘बॉम्बे ब्लड ग्रुप तातडीने हवा, नसल्यास ओ निगेटिव्ह चालेल’ अशी आवाहने व्हॉट्सअ‍ॅपवर सर्रास फिरतात. त्यातले शेवटचे चार शब्द पेशंटच्या जिवावर बेतू शकतात. बॉम्बे हा साध्या तपासणीत ओसारखा दिसणारा, पण वेगळा आणि दुर्मिळ रक्तगट आहे. त्या गटाच्या माणसाला ओ निगेटिव्ह चालत नाही आणि ओ पॉझिटिव्हही चालत नाही. त्याला बॉम्बेच लागतो.

१९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा गट शोधून ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडला, म्हणून शहराचे नाव त्याला चिकटले. तो मुंबईकरांचाच असतो असे मुळीच नाही. भारतात साधारण दहा हजारांत एक आणि युरोपात दहा लाखांत एक असे त्याचे प्रमाण सांगितले जाते. म्हणजे तो आपल्याकडेच जास्त सापडतो आणि त्याची माहितीही आपल्यालाच जास्त हवी.

ओ गटाच्या लाल पेशींवर काहीच नसते, हा समज चुकीचा आहे. लाल पेशीवर साखरेच्या रेणूंची एक साखळी असते. तिच्या टोकाला फ्युकोज नावाची साखर जोडली गेली की ‘एच’ अँटिजेन (पेशीवरची ओळखखूण) तयार होतो. या एचवर एक साखर चढली तर ए गट, दुसऱ्या प्रकारची चढली तर बी, दोन्ही असतील तर एबी. ओ गटात वर काहीच चढत नाही, त्यामुळे एच उघडाच राहतो आणि सगळ्यात जास्त एच ओच्याच पेशींवर सापडतो. बॉम्बे गटात फ्युकोज जोडणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतात. एचच बनत नाही. पायाच नाही म्हटल्यावर ए किंवा बी चे जनुक असूनही ते पेशीवर दिसत नाही.

शरीराला मग एच परका वाटतो आणि लहानपणापासूनच त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी (परक्या खुणेला चिकटणारी प्रथिने) तयार होतात. त्या शरीराच्या तापमानाला, म्हणजे ३७ अंशांना, जोमाने काम करतात. ओची पिशवी लावली की बाहेरून आलेल्या पेशी रक्तवाहिनीतच फुटू लागतात. थंडी वाजून ताप येतो, कंबर दुखते, लघवी लाल होते, बीपी कोसळते, मूत्रपिंड निकामी होऊ शकते. अशी लक्षणे दिसताच पिशवी त्या क्षणी बंद करावी, नवीन सेट लावून सलाइन चालू ठेवावे आणि उरलेली पिशवी पेशंटच्या ताज्या नमुन्यासह रक्तपेढीत परत पाठवावी. पिशवी फेकून दिली तर कारण शोधायला हातात काही उरत नाही.

खरी चूक होते ती गट तपासताना. शिबिरात किंवा छोट्या लॅबमध्ये बोटाला टोचून स्लाइडवर दोन थेंब घेतात. एकात अँटि-ए, दुसऱ्यात अँटि-बी, म्हणजे ए आणि बी पेशींच्या गुठळ्या करणारे द्रव, मिसळतात. दोन्हीकडे गुठळ्या दिसल्या नाहीत की ‘ओ’ लिहून मोकळे होतात. बॉम्बे गटाचे रक्त या तपासणीत हुबेहूब ओसारखेच दिसते. तोच ओ मग आयकार्डावर चढतो आणि माणूस वर्षानुवर्षे स्वतःला ओ समजत राहतो.

फरक कळतो तो रिव्हर्स ग्रुपिंगमध्ये, म्हणजे पेशंटच्या प्लाझ्मातल्या (रक्तातल्या पेशींविना द्रवातल्या) अँटिबॉडी तपासताना. तीन टेस्ट ट्यूब घ्यायच्या, प्रत्येकीत पेशंटच्या प्लाझ्माचे २ थेंब घालायचे. पहिलीत ए पेशींचा, दुसरीत बी पेशींचा आणि तिसरीत ओ पेशींचा १ थेंब टाकायचा. पेशी सलाइनने धुऊन साधारण ५ टक्क्यांचे द्रावण केलेले असावे. सेंट्रिफ्यूजमध्ये थोडा वेळ फिरवून ट्यूब हलक्या हाताने हलवून पाहायच्या. नेहमीच्या ओ गटात पहिल्या दोन ट्यूबमध्ये गुठळ्या होतात, तिसरी स्वच्छ राहते. बॉम्बेत तिन्हींमध्ये ठळक गुठळ्या होतात. वेळ आणि पेशी वाचवण्यासाठी नेमकी ही तिसरी ट्यूब गाळली जाते.

तिसरीत गुठळ्या दिसल्या म्हणून लगेच ‘बॉम्बे’ असेही लिहू नये. दुसऱ्या एखाद्या अँटिबॉडीमुळेही ओ पेशी चिकटतात. म्हणून पेशंटचाच प्लाझ्मा आणि त्याच्याच पेशी एकत्र करून ऑटो कंट्रोल लावावा. बॉम्बेत तो निगेटिव्ह येतो. शेवटी पेशंटच्या पेशींवर अँटि-एच लावायचा. तो युलेक्स नावाच्या एका काटेरी युरोपीय झुडपाच्या बियांपासून काढतात. ओच्या पेशी अँटि-एचने घट्ट चिकटतात, बॉम्बेच्या चिकटत नाहीत. चार महिन्यांपेक्षा लहान बाळात स्वतःच्या अँटिबॉडी पुरेशा नसल्यामुळे रिव्हर्स ग्रुपिंगवर विसंबू नये.

क्रॉसमॅच (पेशंटचा प्लाझ्मा आणि पिशवीतल्या पेशी एकत्र करून जुळतात का ते पाहणे) नीट केला तर चूक तिथेही पकडली जाते. ‘ओ’ लिहिलेल्या पेशंटला फ्रिजमधली ओची एकही पिशवी जुळत नसेल, तर सर्वांत आधी बॉम्बेचाच संशय घ्यावा. अपघातात क्रॉसमॅचला वेळ नसतो, म्हणून आपला गट आधीच पक्का माहीत असणे मोलाचे.

याच गटामुळे घराघरांत विनाकारण संशयही शिरतो. आई-वडील दोघांच्या कार्डावर ओ आणि बाळ बी. आई प्रत्यक्षात बॉम्बे असेल आणि तिच्याकडे बी चे न दिसणारे जनुक असेल, तर ते बाळाकडे जाते. वडिलांकडून एच मिळतो आणि बाळात बी उघडपणे दिसतो. यात कोणाच्याही चारित्र्याचा प्रश्न येत नाही. केवळ कार्डावरच्या गटावरून पितृत्वाचा निवाडा कोणीही करू नये.

घरात एक जण बॉम्बे निघाला तर सख्ख्या भावंडांची तपासणी लगेच करावी, कारण प्रत्येकाची शक्यता चारात एक असते. आते-मामे भावंडांत लग्ने होणाऱ्या घराण्यांत हे आणखी महत्त्वाचे.

बॉम्बे गटाच्या दात्यांना एक विनंती. उत्साहाने प्रत्येक शिबिरात रक्त देऊ नका. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह जुळत असेल तर तुमच्या लाल पेशी कोणत्याही गटाला चालतात, त्यामुळे त्या वाया जाणार नाहीत. पण त्या ४२ दिवसच टिकतात आणि पुढच्या दानासाठी पुरुषाला ९० दिवस व स्त्रीला १२० दिवस थांबावे लागते. याच काळात बॉम्बेचा पेशंट आला तर तुम्ही देऊ शकणार नाही. रक्तपेढीत नाव नोंदवा आणि बोलावल्यावर या. स्वतःची शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने आपलेच रक्त आधी काढून ठेवता येते. शेवटची पिशवी शस्त्रक्रियेच्या किमान ७२ तास आधी काढलेली असावी.

आपल्याकडे असे आवाहन छापायला आले तर कृपया चार गोष्टी विचारून घ्याव्यात: गट अँटि-एचने तपासला आहे का, बॉम्बे पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, पिशव्या किती आणि कोणत्या तारखेपर्यंत, आणि मागणी कोणत्या रक्तपेढीची आहे. संपर्कासाठी नातेवाइकांऐवजी रक्तपेढीचा फोन छापावा, म्हणजे गरज भागल्यावरही दात्यांना महिनोन्‌महिने फोन जात राहणार नाहीत.

आपला नम्र,
एक रक्तपेढी तंत्रज्ञ, ठाणे