आंधळा टायपिस्ट कामाला लावताना

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

तीच ती वाक्यं, तोच पत्ता, तीच 'कृपया पोच कळवावी' दिवसभर बडवत बसण्यावर उपाय विचारला होतास. उपाय जुना आणि फुकट आहे: छोटं लघुरूप टाइप केलं की त्याच्या जागी पूर्ण मजकूर उमटवणारं सॉफ्टवेअर. टेक्स्ट एक्सपांडर म्हणतात त्याला. बसवायला दहा मिनिटं लागतात. मराठीत लिहिणाऱ्याची अडचण त्यानंतर सुरू होते, म्हणून पत्र जरा लांबणार आहे.

तुझं सगळं लिखाण वर्डमध्येच होत असेल तर काहीही बसवू नकोस. फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स या वाटेने गेलास की डावीकडच्या रकान्यात लघुरूप आणि उजवीकडे मजकूर भरता येतो. साध्या मजकुराला तिथे २५५ अक्षरांची मर्यादा आहे. लिबरऑफिसमध्ये हेच काम ऑटोटेक्स्ट करतं: लघुरूप टाइप करून एफ३ दाबायचं. पण या सोयी ज्या त्या प्रोग्रॅमपुरत्या. तुला ईमेल, ब्राउझर, चॅट, एक्सेल सगळीकडे एकच यादी हवी आहे, म्हणजे वेगळं सॉफ्टवेअर आलंच.

विंडोजवर मी ऑटोहॉटकी घे म्हणेन. फुकट आहे, हलकं आहे, २००३ पासून चालू आहे. उतरवताना त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरव. असलं सॉफ्टवेअर तू दाबलेली प्रत्येक की वाचतं. चोरटी सॉफ्टवेअर्सही तेच करतात, त्यामुळे अँटिव्हायरस कधी कधी कुरकुर करतो. डिसेंबर २०२२ मध्ये आलेली २.० मालिका घे. जुन्या १.१ ची लिहिण्याची पद्धत वेगळी आहे. इंटरनेटवर सापडलेला तुकडा चिकटवला आणि पहिल्याच ओळीवर चूक दाखवली, तर नव्वद टक्के वेळा तो जुन्या पद्धतीचा असतो.

आता हे नीट लक्षात घे, कारण पुढचा प्रत्येक घोळ इथूनच निघतो. हा प्रोग्रॅम म्हणजे आंधळा टायपिस्ट आहे. पडद्यावर काय उमटलंय ते त्याला दिसत नाही. कोणत्या कीज दाबल्या गेल्या तेवढं तो कान देऊन ऐकतो. ओळखीचं लघुरूप ऐकू आलं की तितक्या वेळा बॅकस्पेस दाबून ते पुसतो आणि मजकूर स्वतः टाइप करतो. मध्येच माउस क्लिक केलास किंवा बाणाची की दाबलीस तर ऐकलेलं विसरून तो नव्याने ऐकू लागतो. ते बरोबरच आहे, कर्सर कुठे गेला हे त्याला कळणार कसं?

फाइल बनवायला नोटपॅड पुरतं. नाव काहीही दे, शेवटी डॉट एएचके हवं. सेव्ह करताना 'सेव्ह ॲज टाइप'मध्ये 'ऑल फाइल्स' निवड, नाहीतर नोटपॅड मागे गुपचूप डॉट टीएक्सटी जोडतं. विंडोज ते शेपूट लपवून ठेवतं, त्यामुळे फाइल का चालत नाही ते उमगत नाही. एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवण्याची पद्धत, यूटीएफ-८ ठेव. पहिल्या ओळीत हॅश, त्याला चिकटून रिक्वायर्स, मग ऑटोहॉटकी, मग व्ही २.०. अक्षरं आणि आकडे अर्थातच इंग्रजी, मी इथे देवनागरीत लिहितोय एवढंच. दुसऱ्या ओळीत हॅश, हॉटस्ट्रिंग आणि एकटा टी. त्या टीचं कारण पुढे सांगतो. त्याखाली तुझी यादी:

::,पक::कृपया पोच कळवावी.
::,सन::सविनय नमस्कार,
::,सज::आवश्यक कागदपत्रे सोबत जोडली आहेत.

म्हणजे दोन कोलन, लघुरूप, दोन कोलन, मजकूर. फाइलवर डबल-क्लिक कर. घड्याळाशेजारी हिरव्या चौकोनात एच दिसला की टायपिस्ट कामावर हजर. यादी बदललीस की त्या एचवर राइट-क्लिक करून रिलोड म्हणायचं. हे विसरून 'नवीन ओळ चालत नाही' म्हणणारे पुष्कळ.

ओळ लिहिताना मराठी माणूस हमखास पडतो असा एक खड्डा आहे. इन्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीत, कोलनच्या कीवर छ असतो, आणि विसर्ग दिसायला हुबेहूब कोलनसारखा. घाईत दोन विसर्ग ठोकले की ओळ डोळ्यांना ठीक दिसते, पण चालत मात्र नाही. कोलन टाकताना कीबोर्ड इंग्रजीवर ने. विंडोज आणि स्पेस एकत्र दाबलं की भाषा बदलते.

लघुरूपाआधी स्वल्पविराम का, ते आता. लघुरूप असं हवं की ते चुकूनही दुसऱ्या लिखाणात येता कामा नये. नुसतं 'सन' ठेवलंस तर 'सन २०२४' लिहिताना सविनय नमस्कार होईल. इंग्रजीवाले आधी अर्धविराम लावतात, पण इन्स्क्रिप्टमध्ये त्या कीवर च बसलेला आहे. स्वल्पविराम मात्र इंग्रजी आणि मराठी दोन्हीकडे त्याच कीवर, शिफ्टशिवाय. आणि स्वल्पविरामानंतर आपण स्पेस देतो, म्हणून त्याला चिकटलेलं अक्षर सहसा येत नाही. (तू स्पेस देत नसशील तर ती सवय आधी लाव.) लघुरूपाच्या अलीकडेही स्पेस हवी. शब्दाला चिकटून टाइप केलंस तर तो ते मुद्दाम सोडून देतो.

अक्षरं निवडताना मात्रा आणि जोडाक्षरं टाळ. 'त्र' तुला एक दिसतो, संगणकाच्या लेखी ती तीन चिन्हं आहेत: त, हलन्त, र. टायपिस्ट पुसणार मोजून, आणि एका बॅकस्पेसला एक चिन्ह पुसायचं की अख्खं अक्षर, यावर सगळ्या प्रोग्रॅमांचं एकमत नाही. मग आधीच्या शब्दाचं शेपूट तुटतं, नाहीतर एखादी मात्रा लोंबकळत राहते. साधी व्यंजनं घे. प, र, क, त, च ही उजव्या हाताच्या मधल्या ओळीत ओळीने आहेत, ब, ह, ग, द, ज वरच्या ओळीत. स्वल्पविरामही त्याच हाताला. तीन कीज, एक हात, शिफ्ट नाही.

तू मराठी फोनेटिक वापरतोस का, इंग्रजी अक्षरांत टाइप करून देवनागरी उमटवणारं? मग हे सगळं गडबडतं. तिथे टायपिस्टाला इंग्रजी कीज ऐकू येतात आणि पडद्यावर तोवर देवनागरी झालेलं असतं, मोजणी कशी जुळावी? अशा वेळी लघुरूपाचा नादच सोड आणि कंट्रोल-ऑल्टसोबत एखादं अक्षर अशी जोडी मजकुराला बांध. तिथे पुसायचं काही नसतं, म्हणून चुकायचंही नसतं. अशा दहाएक जोड्या लक्षात राहतात. यादी शंभराची करायची असेल तर इन्स्क्रिप्ट शिकणं सोपं.

लघुरूप पूर्ण झाल्यावर स्पेस, एंटर किंवा पूर्णविराम यांपैकी काही दाबलं की विस्तार होतो. दंड (।) मात्र त्या यादीत नाही. सुरुवातीच्या दोन कोलनांमध्ये तारका टाकली की स्पेसची वाट न पाहता ताबडतोब विस्तार होतो. मोह होतो, पण सगळ्यांना तारका लावू नकोस: ',प' आणि ',पक' दोन्ही असतील तर तारकावाला ',प' आधीच झडप घालतो आणि ',पक'ची पाळीच येत नाही. मागे राहणारी स्पेस नको असेल तर त्याच जागी इंग्रजी ओ लिही.

आता तो टी. टी नसेल तर ऑटोहॉटकी मजकुरातल्या काही चिन्हांना आज्ञा समजतं. अधिक म्हणजे शिफ्ट, उद्गारचिन्ह म्हणजे ऑल्ट, टोपीसारखं चिन्ह म्हणजे कंट्रोल, हॅश म्हणजे विंडोज की. मजकुरात अधिकपुढे इंग्रजी नऊ आला तर शिफ्ट-नऊ दाबलं जातं आणि कागदावर उघडा कंस येतो. टी म्हणजे 'जसंच्या तसं लिही'. एक गोष्ट टीनेही सुटत नाही: स्पेस आणि लगेच अर्धविराम आला की तिथून पुढचं सगळं शेरा समजून गाळलं जातं. वाक्य मध्येच तुटलेलं दिसलं तर आधी तिथे बघ.

बहुओळी मजकूर, म्हणजे पत्ता किंवा सहीचा मायना, पुढच्या ओळींवर गोल कंसांत घालता येतो. पण टायपिस्ट प्रत्येक ओळीनंतर खरोखर एंटर दाबतो. चॅटच्या खिडकीत एंटर म्हणजे 'पाठवा', त्यामुळे पत्त्याचे चार तुकडे चार निरोप होऊन जातात. यावर इलाज क्लिपबोर्ड: मजकूर क्लिपबोर्डवर ठेवायचा, कंट्रोल-व्ही पाठवायचं, अर्धा सेकंद थांबायचं, मग जुना क्लिपबोर्ड परत ठेवायचा. अर्धा सेकंद गाळलास तर खिडकी चिकटवायला पोचेपर्यंत जुना मजकूर परत आलेला असतो आणि भलतंच काही चिकटतं. लांब परिच्छेदांना हीच रीत बरी, अक्षर-अक्षर टाइप होताना बघत बसावं लागत नाही.

संगणक सुरू झाल्यावर आपोआप चालू व्हायला विंडोज-आर दाबून शेल, कोलन, स्टार्टअप असं जोडून लिही. उघडलेल्या फोल्डरमध्ये फाइल न टाकता फाइलचा शॉर्टकट टाक. मूळ फाइल बॅकअप होणाऱ्या फोल्डरमध्ये असू दे. एखाद्याच खिडकीत लघुरूपं चालत नसतील, तर तो प्रोग्रॅम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलाय का बघ. साध्या हक्कांच्या टायपिस्टला विंडोज तिथे टाइप करू देत नाही.

पासवर्ड या यादीत घालायचे नाहीत. फाइल साधा मजकूर आहे, कोणीही उघडून वाचेल.

घरच्या दुसऱ्या संगणकावर लिनक्स आहे म्हणालास. तिथे एस्पान्सो घे, ते विंडोज आणि मॅकवरही चालतं. यादी वायएएमएल नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते आणि तिथे ओळ आत सरकवायला स्पेसच हव्यात, टॅब चालत नाही. सेव्ह केलं की बदल आपोआप लागू होतात. चुकून विस्तार झाला तर लगेच एकदा बॅकस्पेस दाबल्यावर लघुरूप परत येतं, ही सोय मला फार आवडते. लिनक्सवर एक्स११ आणि वेलँड या पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या दोन व्यवस्था आहेत, आणि दोघांसाठी वेगवेगळी पॅकेजेस आहेत. तुझं कोणतं ते बघूनच उतरव, नाहीतर बसतं पण ऐकत नाही. मॅकवर ॲक्सेसिबिलिटीची परवानगी द्यावी लागते.

सुरुवात बारा-पंधरा लघुरूपांनी कर. आठवडाभर कागद शेजारी ठेव आणि तिसऱ्यांदा टाइप केलेलं वाक्यच त्यावर उतरव. पहिल्याच दिवशी दोनशेची यादी केलीस तर त्यातली वीसही आठवणार नाहीत.

फाइल अडली तर ती जशीच्या तशी मला पाठव, पडद्याचा फोटो नको. फोटोत विसर्ग आणि कोलन वेगळे ओळखू येत नाहीत.

तुझा,
श्रीधर