नकाशात खोलीची उंचीही लिहा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बेळगाव आणि परिसरात नवे घर बांधणारी किंवा मोठा फ्लॅट घेणारी काही कुटुंबे हल्ली गोल्फ सिम्युलेटरसाठी (मॅटवरून खराखुरा चेंडू समोरच्या पडद्यावर मारायचा आणि यंत्राने त्याचे उड्डाण मोजून पडद्यावर दाखवायचे, अशा सरावाच्या साधनासाठी) घरातच एक खोली राखून ठेवण्याचा विचार करू लागली आहेत. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे, आणि खानापूरच्या बाजूला तर त्याहूनही अधिक, पाऊस कोसळत असतो. हे पाहता या विचारात काहीच वावगे नाही. बेंगळुरूची गोल्फपटू अदिती अशोक २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये चौथी आली. तिचा खेळ पाहिलेल्या मुलामुलींना सरावासाठी हक्काची जागा मिळत असेल, तर त्याचे स्वागतच करायला हवे.

मी बांधकाम क्षेत्रात काम करतो. अशा खोल्यांचे जे नकाशे माझ्यासमोर येतात, त्यांत लांबी-रुंदी इंचापर्यंत दिलेली असते आणि उंचीचा मात्र उल्लेखही नसतो. वास्तविक येथे सर्वांत आधी उंचीच पाहावी लागते. लांबी कमी पडली तर मधली भिंत काढण्याचा मार्ग तरी असतो. एकदा स्लॅब टाकला, की उंचीत इंचाचीही भर घालता येत नाही.

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे सुमारे ९ फूट, असावी लागते आणि बीमखाली ती २.४ मीटर असली तरी चालते. राहण्यासाठी हे माप पुरेसे आहे, गोल्फसाठी नाही. ड्रायव्हर ही सर्वांत लांब काठी साधारण ४५ इंचांची असते आणि उंच माणसाने ती पूर्ण फिरवली, की तिचे टोक साडेआठ ते नऊ फुटांपर्यंत जाते. ९ फुटांत काही जण कसेबसे खेळतातही. पण काठी वर लागेल ही धास्ती मनात असली, की खेळणारा नकळत हात आखडता घेतो आणि तीच सवय अंगवळणी पडते. म्हणून १० फूट मोकळी उंची मिळत नसेल, तर या खर्चात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोकळी उंची मोजायची ती मॅटच्या पृष्ठभागापासून डोक्यावरच्या सर्वांत खालच्या वस्तूपर्यंत, मग ती वस्तू बीम असो, पंखा असो की पीओपीचे छत. एका नव्या घरात वरच्या मजल्यावरची खोली १० फूट ४ इंच उंच होती, परंतु फटका मारण्याच्या नेमक्या जागेवरून १५ इंच खाली उतरलेला बीम गेला होता. घरातल्या मुलाने ड्रायव्हर अगदी सावकाश वर नेला, तरी टोक बीमच्या कडेला लागले आणि गिलाव्याचा ढलपा खाली आला. सुदैवाने खोली लांब होती, म्हणून चेंडूची जागा तीन फूट मागे घेऊन प्रश्न सुटला. अशी चाचणी यंत्र विकत घेण्याआधीच करावी: घरातील सर्वांत उंच व्यक्तीने काठी सावकाश फिरवावी आणि दुसऱ्याने टेप धरून टोक कोठवर जाते ते भिंतीवर खडूने नोंदवावे. मुले वाढत्या वयाची असतील, तर त्यांच्या पुढच्या उंचीचाही हिशेब धरावा.

लांबी किती हवी, हे यंत्रावर अवलंबून असते. रडारवर चालणारे यंत्र चेंडूच्या मागे सात-आठ फुटांवर ठेवावे लागते आणि पुढेही चेंडूचे उड्डाण त्याला काही फूट दिसावे लागते. त्यामुळे खोली २० फुटांच्या आसपास लांब हवी. कॅमेऱ्याचे यंत्र चेंडूच्या बाजूला किंवा छताला बसते, तेथे १६ ते १७ फुटांत भागते. कोणतेही यंत्र घेतले, तरी चेंडू आणि पडदा यांत १० फूट अंतर राखावे. पडदा भिंतीपासून निदान एक फूट पुढे आणि किंचित सैल टांगावा, कारण ड्रायव्हरने मारलेला चेंडू ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेगाने जाऊ शकतो आणि ताणलेल्या पडद्यावरून तो खेळणाऱ्याच्याच अंगावर उलटतो. रुंदीचे गणित सोपे आहे. सगळेच उजवे असतील तर १२ फूट चालतात. घरात एखादा डावरा असेल, तर चेंडू मधोमध ठेवावा लागतो आणि १५ फूट लागतात.

फ्लॅटमध्ये ही मापे एकत्र जुळणे कठीणच. त्यापेक्षा शहापूर, वडगाव, खासबाग भागांत माग बंद पडल्याने रिकाम्या झालेल्या शेड किंवा निपाणीकडच्या तंबाखूच्या जुन्या वखारी ज्यांच्या मालकीच्या आहेत, त्यांनी तेथे आधी टेप लावून पाहावा. उंची बहुधा भरपूर मिळेल. मात्र आडव्या तुळया आणि मधले खांब कोठे येतात, हे तपासावे. जुन्या भिंतींना पावसाळ्यात ओल येते, तिचा बंदोबस्त केल्याखेरीज पडदा आणि प्रोजेक्टर आत नेऊ नयेत.

शहरातील बांधकाम व्यावसायिक, वास्तुरचनाकार आणि अभियंते यांना माझी आपल्या पत्राद्वारे विनंती आहे, की माहितीपत्रकातील प्रत्येक खोलीच्या लांबी-रुंदीशेजारी बीमखालची मोकळी उंचीही छापावी आणि बीम कोठून जातो ते तुटक रेषेने दाखवावे. ही माहिती त्यांच्या आराखड्यात तयारच असते, ती ग्राहकाच्या हाती पैसे भरण्यापूर्वी पडायला हवी.

आपला विश्वासू,
एक बांधकाम अभियंता,
टिळकवाडी, बेळगाव