पाणी देणे म्हणजे केवळ पाण्यात बुडवणे नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरच्या कार्यशाळेत पोलादाचे लहान भाग कडक कसे करावेत, याविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख मी आवडीने वाचला. हौशी माणसाने आपली अवजारे शक्य तितकी स्वतः घडवावीत, हा त्यातला आग्रह मला मनापासून मान्य आहे. मात्र 'तुकडा लालबुंद करावा, पाण्यात बुडवावा, की काम झाले' या वाक्यापाशी लेख थांबला आहे आणि तिथे काम निम्मेच झालेले असते. पुढचे निम्मे, म्हणजे टेंपरिंग (कडक झालेला भाग पुन्हा हलक्या आंचेवर तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करणे), लेखात कुठेच आलेले नाही. ही उणीव किरकोळ नाही. ज्याला पाणी दिलेलेच नाही असा मऊ पंच फार तर टोकाला बोथट होतो. पण नुसता पाण्यात बुडवून तसाच ठेवलेला पंच हातात फुटतो.

मी हे अनुभवाने सांगतो आहे. कार्यशाळा नवी असताना मी सहा मिलिमीटर जाडीच्या सिल्व्हर स्टीलच्या (भरपूर कार्बन असलेल्या, अवजारांच्या पोलादाच्या) कांबीपासून एक सेंटर पंच, म्हणजे धातूवर ठोकून खूण करण्याचे टोकदार अवजार, केला होता. तो तापवून पाण्यात बुडवला, कानस लावून पाहिली, तर ती काचेवरून घसरावी तशी घसरली, म्हणजे पंच कडक झाला होता. त्या आवाजाने माझे समाधान झाले आणि मी पंच तसाच वापरायला घेतला. तिसऱ्या ठोक्याला त्याचे टोक तुटले आणि उडालेली कपची माझ्या संरक्षक चष्म्याच्या उजव्या काचेवर, बरोबर बुबुळासमोर, खाच पाडून गेली. तो चष्मा मी अजून टाकलेला नाही. कुणी हे काम शिकायला आले की आधी तो दाखवतो.

असे का होते, हे समजून घेतले तर टेंपरिंग टाळण्याचा मोह होत नाही. पुरेसे तापल्यावर पोलादातील लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि ती नवी मांडणी कार्बनला आपल्यात सामावून घेते. पोलाद सावकाश निवाले तर कार्बनला वेगळे होण्यास सवड मिळते. झटक्यात गार केले तर तो जागच्या जागी अडकतो आणि अणूंच्या साऱ्या जाळीला ताणून धरतो. अडोल्फ मार्टेन्स (१८५०-१९१४) या जर्मन धातुशास्त्रज्ञाच्या नावावरून या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात. कठीणपणा येतो तो या ताणामुळेच आणि ठिसूळपणाही त्याच्यामुळेच येतो. शिवाय ही रचना होताना पोलाद किंचित फुगते. बाहेरचा थर आधी गार होऊन कडक झालेला असतो आणि गाभा त्यानंतर फुगू पाहतो, त्यामुळे नुकत्याच पाणी दिलेल्या भागात प्रचंड अंतर्गत ताण कोंडलेला असतो. असा भाग रात्रभर बाकावर ठेवला, तर कुणी हात न लावताही त्याला सकाळपर्यंत चीर गेलेली आढळू शकते. म्हणून टेंपरिंग उद्यावर टाकण्याचे काम नव्हे. भाग हाताला सोसवेल इतपत कोमट आहे तोवरच ते हाती घ्यावे लागते.

आपल्या भाषेत या सगळ्या क्रियेला 'पाणी देणे' म्हणतात आणि मला वाटते, या शब्दामुळेही थोडी फसगत होते. शब्दात पाणी आहे, म्हणून लक्ष पाण्यावर जाते. नंतरची हलकी आंच शब्दात कुठे दिसत नाही. जाणता कारागीर मात्र पाणी देणे म्हणतो तेव्हा त्याच्या मनात दोन्ही गोष्टी असतात.

टेंपरिंगसाठी घरी फार काही लागत नाही. कडक झालेला भाग बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करून घ्यावा, कारण पुढचे सारे काम त्याच्या पृष्ठभागावर उमटणाऱ्या रंगांवरून ओळखायचे असते. समजा, हातात पेचकसाचे पाते आहे. ज्योत पात्याच्या टोकाला अजिबात लावायची नाही. टोकापासून दूर, दांड्यावर धरायची. काही क्षण काहीच घडत नाही. मग दांड्यावर वाळल्या गवताच्या रंगाचा एक फिकट पट्टा उमटतो आणि टोकाकडे सरकू लागतो. त्याच्यामागून गडद पिवळा येतो, मग तपकिरी, मग जांभळा आणि त्यामागे निळा. ज्योत बाजूला घेतली तरी दांड्यात साठलेल्या उष्णतेने हे पट्टे पुढे चालतच राहतात. नवशिक्याचा घात होतो तो इथेच. हवा तो रंग टोकापर्यंत पोहोचण्याच्या थोडे आधीच आंच काढावी आणि रंग टोकाला भिडताच भाग पाण्यात बुडवून त्याची चाल थांबवावी. एकदा रंग पुढे निघून गेला की त्याला मागे आणता येत नाही. सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

हे रंग म्हणजे पृष्ठभागावर चढणाऱ्या ऑक्साइडच्या अतिशय पातळ थराचा प्रकाशाशी होणारा खेळ आहे. थर जाड होत जातो तसा रंग बदलतो. फिकट पिवळा साधारण २२० अंश सेल्सिअसला दिसतो, तपकिरी २५५ च्या आसपास, जांभळा २८० ला आणि गडद निळा ३०० च्या सुमारास. रेघा ओढण्याच्या सुईला फिकट पिवळा पुरतो, कारण तिला धार टिकवायची असते आणि ठोका खायचा नसतो. सेंटर पंचाच्या टोकाला गडद पिवळा ते तपकिरी असावा व त्यामागे निळा. पेचकसाला जांभळा आणि लहान स्प्रिंगला निळा. थर चढण्याला तापमानाइतकाच वेळही कारण असतो, म्हणून २०० अंशांवर तासभर ठेवलेल्या भागावरही पिवळा रंग येतो, हे ध्यानात ठेवावे. ज्यांच्याकडे तापमान नीट राखणारी छोटी भट्टी आहे त्यांनी रंगांपेक्षा तिच्यावर विसंबावे, हे उत्तम. अगदी बारीक स्क्रू असतील तर पितळेच्या किसाने भरलेल्या पत्र्याच्या डबीत ते रोवून डबी खालून तापवावी. घड्याळे दुरुस्त करणारे असेच करतात आणि रंग सर्व बाजूंनी सारखा चढतो.

लेखात 'कोणताही लोखंडी तुकडा' असे म्हटले आहे, तेही दुरुस्त व्हायला हवे. माइल्ड स्टीलमध्ये कार्बन जेमतेम पाव टक्का किंवा त्याहून कमी असतो. ते कितीही वेळा लाल करून बुडवले तरी अवजाराला लागतो तसा कठीणपणा त्याला येत नाही. त्यासाठी कार्बन ०.६ टक्क्याच्या वर असलेले पोलाद लागते. सिल्व्हर स्टीलमध्ये तो सव्वा टक्क्याच्या जवळपास जातो. उलट हाय स्पीड स्टीलला (ड्रिलची पाती ज्याची करतात त्या पोलादाला) सुमारे १२०० अंशांच्या वर न्यावे लागते, जे साध्या गॅस टॉर्चच्या आवाक्यात नाही. तुकडा कशाचा आहे हे माहीत नसेल तर त्याचे एक टोक कापून त्यावर आधी प्रयोग करावा: तापवावे, बुडवावे आणि कानस लावून पाहावी.

किती तापवावे, यासाठी साधे लोहचुंबक चांगले काम देते. शुद्ध लोखंडाचे चुंबकत्व ७७० अंशांना जाते. भरपूर कार्बन असलेल्या पोलादात आतली रचना बदलते तेव्हाच, म्हणजे त्याच्या थोडे आधी, ते जाते. चुंबक चिकटेनासे झाले की त्याहून किंचित वर, डाळिंबी लालीपर्यंत न्यावे आणि आतपर्यंत तापायला थोडा वेळ द्यावा. काम सावलीत करावे, कारण उन्हात लाली कळतच नाही आणि पोलाद नको इतके तापते. अंधाऱ्या कोपऱ्यात निरखून पाहिले तर तापत्या तुकड्यात एक काळसर सावली सरकताना दिसते. रचना बदलताना पोलाद उष्णता पिऊन घेते, त्याची ती खूण. ती सावली सरून सगळा तुकडा एकसारखा उजळला, की वेळ झाली. 'लालबुंद' म्हणजे नारिंगी किंवा पिवळट असे समजून कुणी पुढे गेले, तर पोलादाचा कण भरड होतो आणि मग टेंपरिंगनेही तो भाग सुधारत नाही. असा तुकडा मोडून पाहावा: चांगल्या पोलादाचा भंग राखाडी आणि मखमली दिसतो, जास्त तापलेल्याचा साखरेसारखा चमचमतो.

बुडवताना लांब भाग उभाच धरावा आणि वरखाली हलवावा, आडवा फिरवू नये. एक बाजू आधी गार झाली की तो वाकतो. आतले कोन तीक्ष्ण ठेवू नयेत, तडा तिथूनच सुरू होतो. तेलात बुडवण्यासाठी बनवलेल्या पोलादाला पाण्यात बुडवले तर ते तडकण्याची शक्यता फार, म्हणून विक्रेत्याने दिलेली माहिती आधी वाचावी. तेल वापरायचे तर ते धातूच्या, घट्ट झाकणाच्या भांड्यात आणि भरपूर घ्यावे. तेलाने पेट घेतल्यास झाकण दाबावे. पाणी कदापि ओतू नये, कारण पाण्याची क्षणात वाफ होऊन जळते तेल चौफेर उडते. इंजिनातले जुने तेल फुकट मिळते म्हणून वापरू नये, त्याचा धूर विषारी असतो. जस्ताचा मुलामा असलेले तुकडे तर मुळीच तापवू नयेत.

माइल्ड स्टीलचा फक्त वरचा थर कडक करण्यासाठी लाकडी कोळशाच्या भुकटीत घालून सुमारे ९०० अंशांवर काही तास ठेवण्याची जुनी पद्धत आहे. भाग बंद पेटीत ठेवता आला आणि खोलीत हवा खेळती असली तर ती घरी जमू शकते. याच कामासाठी कारखान्यांत सायनाइडचे क्षारही वापरले गेले आहेत. ते कुणी सुचवले किंवा देऊ केले, तरी घरात आणू नयेत. त्यांचा आम्लाशी नुसता संपर्क आला तरी प्राणघातक वायू सुटतो.

आपली पुरवणी अनेक तरुण वाचतात आणि त्यातले काही जण या रविवारीच टॉर्च पेटवून बसतील. म्हणून माझी विनंती आहे की पुढच्याच अंकात ठळक चौकटीत एवढी दुरुस्ती छापावी: 'पाण्यातून काढलेला भाग कोमट असतानाच, त्याच्या कामाला साजेसा रंग येईपर्यंत टेंपर करावा, तोवर त्यावर हातोडी मारू नये, आणि या कामाच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा.'

आपला नम्र,
एक नियमित वाचक