सोशिकपणाचं कौतुक पुरे

महोदय,

जागतिक शरणार्थी दिनानिमित्त (20 जून) आपल्या पुरवणीत शरणार्थींसाठी राबणाऱ्या महिला कार्यकर्त्यांच्या सोशिकपणाचं कौतुक वाचलं. नाशिकमध्ये एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) मुलींचं फील्डवर्क मी बरीच वर्षं घेतलं. त्यातल्या काही जणी दिल्लीत अफगाण, तसंच म्यानमारहून आलेल्या चिन या जमातीच्या कुटुंबांसोबत काम करतात. सुट्टीत आल्या की भेटतात. त्यांचं ऐकून सांगते, या कौतुकाचा त्यांना काडीचाही उपयोग नाही.

भारतानं 1951 च्या शरणार्थी करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे शरणार्थींसाठी वेगळा कायदाही नाही. समोरची बाई शरणार्थी म्हणून मिळणाऱ्या कार्डाचं विचारते, कामाच्या परवान्याचं विचारते, दुसऱ्या देशात कधी पाठवणार म्हणते. यातलं काहीच या मुलींच्या हातात नसतं. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेनं शरणार्थी प्रवेश थांबवला, तेव्हा आशेवर बसलेल्या घरांत जाऊन ते सांगायचं कामही यांच्याच वाट्याला आलं.

दुभाषी बायकांचं तर आणखी अवघड. त्या बहुधा स्वतःच शरणार्थी असतात. नियम असा की बोलणारीचं बोलणं 'मी' म्हणूनच सांगायचं. म्हणजे 'मला मारलं', 'माझ्या नवऱ्याला उचलून नेलं' हे दिवसभर आपल्या तोंडानं म्हणायचं, आणि कित्येकदा ते आपल्याही घरात घडलेलं असतं.

मग निभावतात कशा? दोघी मिळून मेट्रो स्टेशनाबाहेर चहा घेतात आणि दिवसभराचं तिथेच बोलून टाकतात, कारण घरी 'दुसऱ्यांची रड इथं नको' असं ऐकावं लागतं. (पोळ्या मात्र वेळेवर लागतात.) कामाचा फोन वेगळा ठेवून रात्री बंद करतात. एकीनं भांडून टीममध्ये नियम करून घेतला, अत्याचाराच्या दोन केसेस एकीकडे लागोपाठ द्यायच्या नाहीत. मला हा उपाय सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण बाकीचे त्यांनी आपापल्या जिवावर काढलेले आहेत.

दुसऱ्याचं ऐकून ऐकून येणारा आघात हा या कामाचाच भाग आहे. झोप उडणं, चिडचिड, पुढे काहीच न वाटणं, हा कुणाचा कमकुवतपणा नव्हे. तरी प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात गाडीभाडं असतं, बॅनर असतो, पण अनुभवी व्यक्तीबरोबर आठवड्याला तासभर, तोही कामाच्या वेळेत, बसून बोलण्याची, म्हणजे सुपरव्हिजनची, तरतूद क्वचितच दिसते. अकरा महिन्यांच्या करारावरची मुलगी ती मागणार तरी कशी?

हे दिल्लीचं दुखणं, नाशिकला काय त्याचं, असं कुणी म्हणेल. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं देवळाली कॅम्पात आली, शरणपूर रोडवर तिबेटी स्वेटर विकतात. आपल्याला हा विषय परका नाही. आणि या मुली इथूनच शिकून जातात. म्हणून समाजकार्य महाविद्यालयांनी फील्डवर्कच्या पहिल्या सत्रापासूनच मुलींना नुसत्या केस-नोंदी लिहायला न लावता त्यांच्याशी या ताणाबद्दल बोलावं, आणि नोकरी घेताना सुपरव्हिजन किती, हे पगाराइतकंच ठणकावून विचारायला शिकवावं.

– एक निवृत्त प्राध्यापिका, कॉलेज रोड, नाशिक